कानात अजान दिली, बाळाने ऐकली का?

बाळ जन्मले की घरातले वडीलधारे त्याला हातांत घेतात आणि उजव्या कानात हलक्या आवाजात अजान देतात. ती बाळाला ऐकू आली की नाही, हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही. बाळ रडते, दूध पिते, दिव्याकडे बघते. कानही सुरेख दिसतात.

पण ऐकण्याचे खरे काम आत होते. कानामागच्या हाडात, खोलवर, गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. गर्भाच्या चौथ्या आठवड्यापासून आतला कान घडू लागतो. काही बाळांमध्ये ही घडण मध्येच थांबते. १७९१ मध्ये इटलीतल्या कार्लो मोंदिनी यांनी जन्मतः बहिऱ्या असलेल्या एका मुलाच्या कानाचे वर्णन केले. त्यात अडीचऐवजी दीडच वेढे होते. जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाच्या स्कॅनमध्ये असा काही दोष दिसतो.

सरावली-बोईसरकडच्या आपल्या घरांत काय होते? अब्बा तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातात. मूल दीड वर्षाचे होते, तरी ‘अम्मी’ म्हणत नाही. सून काळजीने बोलते तेव्हा दादी समजूत घालते, “अगं, याचे अब्बाही उशिराच बोलले होते.” कुणी टाळी वाजवते, मूल वळते, सगळे निश्चिंत होतात. पण मूल हाताची सावली पाहूनही वळते. या धीर देण्यातच महिने निघून जातात, आणि मेंदू भाषा शिकतो तो याच वर्षांत.

म्हणून हिशेब लक्षात ठेवा: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचारांना सुरुवात. पहिली तपासणी ‘ओएई’. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी कळी ठेवतात, काही मिनिटांत काम होते, दुखत नाही. शंका राहिली तर ‘बेरा’ तपासणी करतात.

आपल्या पालघरचा यात एक मान आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात मोफत होते आणि जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. पथक अंगणवाडीत येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आशाताईंना स्वतःहून विचारा.

बहिरेपणा ठरला की डॉक्टर सीटी किंवा एमआरआय सांगतात. तो टाळू नका, कारण पुढचा मार्ग त्यावर ठरतो. कुणाला श्रवणयंत्र पुरते, कुणाला कॉक्लियर इम्प्लांट लागते. ऐकण्याची नसच नसेल तर इम्प्लांटचा उपयोग होत नाही. तेव्हा खुणांची भाषा लवकर शिकवणे हेच शहाणपण. काही मुलांत आतल्या कानाची एक वाहिनी रुंद असते. त्यांचे ऐकणे डोक्याला मार लागून अचानक कमी होऊ शकते, म्हणून डोके जपावे लागते. मुलाला वारंवार मेंदूज्वर होत असेल तरी कान तपासा. आतल्या कानातल्या दोषातून जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात.

वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कानाची तपासणी आणि बोलण्याचे प्रशिक्षण तिथे मिळते. केंद्राच्या एडीआयपी योजनेत, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांतल्या लहान मुलांना मोफत इम्प्लांट मिळू शकते. त्यासाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. उशीर इथेही महागात पडतो.

आता एक नाजूक गोष्ट. आईने ग्रहणात काही चिरले म्हणून असे होत नाही. सुनेला बोल लावू नका. मात्र बहिरेपणाची काही कारणे आई-वडील दोघांकडून येतात. दोघांचे ऐकणे उत्तम असते, तरी प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता राहते. चुलत-मामे भावंडांच्या निकाहात दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. असा निकाह जायज आहे, सक्तीचा नाही. घराण्यात कुणी जन्मतः बहिरे असेल तर नाते ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

बाळाच्या कानात अजान देणे आपण कधी विसरत नाही. त्याच महिन्यात तो कान तपासूनही घ्या.