पोरांच्या हाती होडी

तुमच्या गावच्या शाळेत मंत्रिमंडळ निवडले जाते ना? घरात एखादा आरोग्यमंत्री किंवा सफाईमंत्री असेलही! पण या मंत्र्याला स्वतः काय ठरवता येते, हे कधी विचारून पाहिले आहे का? बहुधा बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, इतकेच. म्हणून एका परदेशी शाळेची हकिकत सांगतो.

ब्रिटनमध्ये वेल्सच्या समुद्रकाठी, एका जुन्या किल्ल्यात १९६२ साली अटलांटिक कॉलेज सुरू झाले. नाव कॉलेजचे, पण मुले आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची आणि देशोदेशीची. कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची. १९२० मध्ये जर्मनीत सालेम येथे काढलेल्या शाळेतही त्यांनी मुलांना जबाबदारीची पदे दिली होती. हिटलरला विरोध केला म्हणून १९३३ मध्ये ते तुरुंगात गेले आणि सुटल्यावर ब्रिटनला आले. महायुद्धात एकमेकांवर उठलेल्या देशांची मुले एकत्र राहावीत आणि पुस्तकांबरोबर उपयोगाचे काम करावीत, हा त्यांचा ध्यास.

तिथली भरती-ओहोटी भारी. मोठ्या उधाणाला पाणी तीन मजली घराहून अधिक चढते-उतरते. अशा समुद्रात अडकलेल्यांना वाचवायचे काम शाळेने मुलांवर सोपवले. ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेचे ठाणे १९६३ पासून २०१३ पर्यंत याच शाळेत होते. रबरी होड्यांचे तळ गोट्यांवर घासून फाटत. मग मुख्याध्यापक डेस्मंड होर आणि मुले यांनी तळाला प्लायवुड बसवून पाहिले. होर हे निवृत्त नौदल अधिकारी. खटपट वर्षानुवर्षे चालली. त्यातून टणक तळाची आणि कडेला हवा भरलेली होडी तयार झाली. तिचे हक्क त्यांनी त्या संस्थेला अवघ्या एका पौंडाला दिले! आज जगभरची तटरक्षक दले याच जातीच्या होड्या वापरतात.

आधी मोठ्यांनी नीट शिकवले, मग काम हाती दिले. आपण हयगय केली तर माणूस बुडेल, हे पोरांना कळत होते.

अशा शाळांतून चालणारी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही परीक्षा १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेची. तिच्यात सेवाकार्य सक्तीचे आहे. ते अपुरे राहिले तर गुण कितीही पडोत, पदविका मिळत नाही. पूर्वी १५० तास भरावे लागत. नुसते तास मोजले की काय होते, हे हजेरीपट पाहिलेल्या माणसाला सांगायला नको! आता काय केले आणि त्यातून काय शिकला, हे पाहतात.

या शाळांच्या कुटुंबातली एक शाळा पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात पौडजवळच्या डोंगरावर १९९७ पासून आहे. तिथली मुलेही आसपासच्या गावांत कामाला जातात. अशा शाळांची खरी अडचण म्हणजे शिक्षण दोनच वर्षांचे. गावातल्या पोरांना लळा लागतो न लागतो तोच ताई-दादा आपापल्या देशी निघतात. काम पुढच्या तुकडीने उचलले तरच टिकते, आणि गावाला विचारून निवडले असेल तरच गावाला ते आपले वाटते.

अशी मुले तुमच्या गावी आली तर चहा जरूर पाजा, आणि पुढल्या वर्षी कोण येणार, तेही विचारा. घरच्या आरोग्यमंत्र्याबद्दल गुरुजींशी बोला. शाळेची पाण्याची टाकी कधी धुवायची, ते त्याला ठरवू द्या. पाण्यात टाकायच्या औषधाचे माप मात्र मोठ्यांनीच घ्यावे.