कासदाह : पांढऱ्या पेशी कासेत वेळेवर पोहोचल्या पाहिजेत

नुकत्याच व्यालेल्या गाईची कास एका रात्रीत गरम व कडक होते, दुधात गाठी येतात. हाच कासदाह किंवा दगडी. उपचारास उशीर झाल्यास सड कायमचा निकामी होऊ शकतो. जंतू सडाच्या छिद्रातून आत शिरतात. रोग किती बळावेल हे बऱ्याच अंशी रक्तातील पांढऱ्या पेशी कासेत किती लवकर येतात यावर ठरते.

पेशींना वाट कशी कळते?

जंतूंची चाहूल लागताच कासेतील पेशी इंटरल्युकिन-८ सारखे खुणेचे पदार्थ सोडतात. ते जंतूंजवळ दाट व दूर विरळ असतात. पांढऱ्या पेशीच्या आवरणावरील ग्रहणके ते ओळखतात. ग्रहणकाला आतून लागून असलेली जी-प्रथिने हा निरोप पेशीत पोहोचवतात. ज्या बाजूस खूण दाट, त्या बाजूस निरोप जोरदार. तेथे ॲक्टिन प्रथिनाचे तंतू तयार होऊन पेशी पुढे सरकते व मागील भाग आकसून घेते. अशा रीतीने ती जंतूंपर्यंत पोहोचून त्यांना गिळते.

निरोप कोठे कमी पडतो?

ई. कोलाय जंतू शिरल्यास निरोप जोरात जातो व लक्षणे लगेच दिसतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस जंतूंच्या बाबतीत तो बऱ्याचदा क्षीण असतो. त्यामुळे रोग कासेत छुपा राहतो. व्याण्याच्या सुमारास पांढऱ्या पेशीच मंदावतात. या काळात खाद्य अपुरे पडून रक्तात कीटोन वाढल्यास, किंवा जीवनसत्त्व ई व सेलेनियम कमी असल्यास त्यांची ताकद आणखी घटते.

काय करावे?

१. व्याण्यापूर्वी व नंतर समतोल आहार द्यावा. जीवनसत्त्व ई व सेलेनियम पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

२. धार काढल्यानंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. सडाची छिद्रे मिटेपर्यंत, सुमारे अर्धा तास, जनावर बसू नये म्हणून समोर वैरण टाकावी.

३. छुप्या रोगासाठी प्रत्येक सडाच्या दुधाची कॅलिफोर्निया चाचणी करावी. दुधात पांढऱ्या पेशी जास्त असल्यास मिश्रण घट्ट होते. निरोगी सडाच्या दुधात दर मि.ली. साधारणतः १ लाखाहून कमी पेशी असतात. २ लाखांवर गेल्यास संसर्गाचा संशय घ्यावा.

४. दुधात गाठी दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. प्रतिजैविकाची मात्रा अर्धवट सोडू नये.