साभार परत, कारणासहित

दिवाळी अंकाचं काम आमच्याकडे उन्हाळ्यातच सुरू होतं. मे संपता संपता लेखकांना आवाहन जातं, मजकूर पाठवायची मुदत जुलैअखेरची असते, आणि मुदत उलटून गेल्यावरही ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाकिटं येतच राहतात. सांगलीतलं आमचं लेखक मंडळ लहान आहे. महिन्यातून एकदा जमून एकमेकांचं लिखाण वाचायचं आणि वर्षाकाठी एक अंक काढायचा, एवढंच काम. पगारी माणूस एकही नाही. निवृत्त मराठी शिक्षक असलेले आमचे सर, पतसंस्थेत नोकरी करणारा एक कवी, औषधाचं दुकान चालवणाऱ्या एक ताई, कॉलेजातली दोन मुलं आणि मी. सर सोडले तर कुणाचंही स्वतःचं पुस्तक अजून आलेलं नाही. माझा कथासंग्रह सध्या एका प्रकाशकाकडे वाचायला आहे, आणि त्याच वेळी माझ्या टेबलावर दुसऱ्यांच्या कथांचा गठ्ठा आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. आज कितीतरी जणांचं नाव पहिल्यांदा छापून येतं ते अशाच कुठल्यातरी अंकात. त्यांतले मोठे अंक सगळ्यांना माहीत असतात. पण तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी निघणारे अंक कोण काढतं, कधी काढतं, त्यासाठी किती रात्री जागतात, याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मजकूर येतो तो तऱ्हेतऱ्हेने. फूलस्केपवर एका बाजूला लिहिलेला, समास सोडलेला, पानांवर आकडे घातलेला मजकूर आला की हात जोडावेसे वाटतात. काही जण वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि सातवं पान तिसऱ्याच्या आधी येऊन बसतं. काहींनी जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं असतं. ते युनिकोडमध्ये बदलताना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो, ‘ऱ्या’चे तुकडे होतात. कॉलेजातली मुलं हे सगळं ओळीओळीने दुरुस्त करत बसतात. मग ताई प्रत्येक मजकुराला क्रमांक देतात, लेखकाचं नाव आणि पत्ता रजिस्टरमध्ये उतरवून घेतात आणि पहिल्या पानावरचं नाव कागद चिकटवून झाकतात. वाचणाऱ्याच्या हातात फक्त क्रमांक येतो.

ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्या गावात प्रत्येक जण कुणाचा तरी विद्यार्थी, कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी जाहिरातदार असतो. नाव दिसलं की वाचणारा आधी माणूस वाचतो, मजकूर मागाहून. क्रमांक असला की पहिल्या ओळीपासून मजकुराला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. याच्या जोडीला आणखी एक नियम आहे: ज्या वर्षी तुम्ही वाचनाच्या कामात असाल, त्या वर्षी तुमचं लिखाण अंकात येणार नाही. नव्या माणसाला हा नियम कडक वाटतो. माझ्या मते त्याच्याशिवाय हे काम करूच नये.

प्रत्येक कथा दोघं जण स्वतंत्रपणे वाचतात. मतं जुळली नाहीत तर तिसरा. सोबतच्या चिठ्ठीवर ‘चांगली’, ‘बरी’ असे शेरे चालत नाहीत. कथेत काय आहे, ती कुठे अडते आणि लेखकाला काय सुचवावं, हे लिहावं लागतं. गेल्या वर्षी एक हस्तलिखित आलं होतं, ऊसतोडीवरचं. पहिली चार पानं कामगारांच्या हलाखीवरचं भाषण होतं: मुकादमाकडून घेतलेली उचल, नवराबायको मिळून मोजला जाणारा एक कोयता, गावाकडे आजीजवळ राहिलेली पोरं. सगळं खरं, पण वर्तमानपत्रात वाचल्यासारखं. पाचव्या पानावर मात्र एक बाई फडात वाकलेली दिसते. ती वाढ्यांना पीळ देऊन मोळी आवळते, मोळी डोक्यावर घेते आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढताना खालच्या मुकादमाला विचारते, आमचा हिशोब वहीत कुणाच्या नावावर हाय? त्या प्रश्नापाशी मी थांबले आणि मागची चार पानं उलटून पाहिली. त्यांत सांगितलेलं सगळं त्या एका प्रश्नात आलं होतं.

दुसरे वाचक सर होते. त्यांच्या चिठ्ठीवरही पाचव्या पानाचाच उल्लेख निघाला. आम्ही लेखकाला कळवलं, कथा फळीपासून सुरू करून पाहा, आधीची माहिती वाचकाला आपोआप कळते. पंधरवड्यात नवं हस्तलिखित आलं. ते आमच्या सूचनेच्याही पुढे गेलं होतं. मुकादमाची वही आता कथेत शेवटपर्यंत फिरत होती.

नाकारलेल्या लेखकाला पत्र पाठवायचं की नाही, यावर मंडळात दरवर्षी वाद होतो. वेळ नसतो, हे खरं. पण मी या बाबतीत हट्टी आहे. ‘साभार परत’ एवढे दोनच शब्द पाठवले तर लेखकाला काहीच कळत नाही. कागद कुणी वाचला की नुसताच गठ्ठ्यात पडून होता, हेसुद्धा नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आपल्या लेखकांशी पत्रांतून तपशिलात बोलत, कथा पुन्हा लिहून घेत. त्या पत्रव्यवहारात घडलेले लेखक मराठीत थोडे नाहीत. त्याच ‘सत्यकथे’च्या दारात साठोत्तरी पिढीच्या तरुणांनी तिचा अंक जाळला आणि राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली, हेही टेबलाशी बसणाऱ्याने विसरू नये. वाचणारे सगळे एकाच आळीतले, एकाच तऱ्हेच्या घरांतले असले, तर कितीही प्रामाणिकपणे वाचलं तरी काही आवाज त्यांच्या कानावर पडतच नाहीत. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवलं, मेळावे भरवले, दलित लेखकांना लिहितं केलं. पुरुषोत्तम पाटलांनी 1985 पासून धुळ्यातून ‘कवितारती’ काढलं. पुण्या-मुंबईच्या बाहेर राहून, प्राध्यापकी सांभाळून या माणसांनी इतरांच्या लिखाणासाठी आयुष्याची वर्षं दिली. आमचं काम त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण पत्राला उत्तर द्यावं, एवढं त्यांच्याकडून घेता येतं.

म्हणून परत जाणाऱ्या प्रत्येक कथेसोबत चार-पाच ओळी जातात. कुठलं पान आवडलं, ते आधी. अडलं कुठे, ते नंतर. उपदेश नाही, पुस्तकांची यादी नाही. असं पत्र लिहायला कथा वाचण्याहून जास्त वेळ लागतो, कारण ‘रंगली नाही’ असं लिहून चालत नाही. का रंगली नाही, ते आधी स्वतःला सापडावं लागतं.

गणपती उठले की मुद्रितं हातात येतात. मुद्रितशोधनाला आमच्यातले दोघं जण बसतात. एक मूळ कागद मोठ्यानं वाचतो, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद असं सगळं उच्चारून; दुसरा छापील पानावर खूण करत जातो. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार असे अठरा लेखननियम सरांना पाठ आहेत, आणि अरुण फडक्यांचा लेखन-कोश हाताशी असतो. निवेदनात ‘कवी’ आणि ‘गुरू’ दीर्घच हवेत, ‘आणि’ ऱ्हस्व, यात तडजोड नाही. खरी परीक्षा संवादांत. त्या ऊसतोडीच्या कथेत बाई ‘व्हती’ म्हणते, मुकादम ‘हुती’ म्हणतो. डीटीपी करणाऱ्या दादांनी चांगल्या हेतूने दोन्हीकडे ‘होती’ केलं होतं. पात्राच्या तोंडी त्याची बोली असावी, ही मोकळीक नियमांतच आहे. आम्ही दोन्ही रूपं परत आणली आणि लेखकाला फोन लावून खात्री केली. बाई दुसऱ्या जिल्ह्यातून टोळीबरोबर आलेली, मुकादम इथलाच. लेखकाने तो फरक जाणून ठेवला होता.

मग पानांचा हिशोब. अंक सोळा पानांच्या फॉर्मात छापला जातो. नऊ फॉर्म म्हणजे 144 पानं; मजकूर आणि जाहिराती मिळून 147 झाली तर तीन पानांसाठी दहावा फॉर्म परवडत नाही. सराफाची जाहिरात अर्ध्या पानावर आणता येत नाही, कारण त्याने पूर्ण पानाचे पैसे दिलेत. अशा वेळी पहिली कुऱ्हाड कवितांवर पडते, आणि मी दरवर्षी तिच्या आड येते. कवितेला पान कमी लागतं म्हणून ती आधी काढायची, हा न्याय नव्हे. अध्यक्षांचं मनोगत अर्ध्यावर आणावं, गेल्या अंकावरचे अभिप्राय वगळावेत. यंदा तसंच झालं.

माझ्या संग्रहाचं काय, हे मला जो तो विचारतो. पहिल्या कथासंग्रहाची आवृत्ती आता पाचशे प्रतींची, कधी तीनशेचीच निघते. काही ठिकाणी खर्चाचा वाटा लेखकानेच उचलावा असं सांगतात. पैसे देऊन पुस्तक काढायचं नाही, असं मी ठरवलं आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. या प्रकाशकाकडून नकार आला तर हस्तलिखित तिकडे पाठवीन. मध्यंतरी मी संग्रहातल्या दोन कथा पुन्हा लिहिल्या. त्यांच्या पहिल्या परिच्छेदांत मी वाचकाला गावाची ओळख करून देत होते. टेबलावर दुसऱ्यांच्या कथांमधून तीच ओळख काढायला सांगता सांगता माझ्या कथांमधूनही ती गळून पडली.

या सप्टेंबरच्या बैठकीत मी मानधनाचा विषय मांडला आहे. आम्ही फुकट राबतो, ते आम्ही ठरवून स्वीकारलेलं आहे. पण कथा देणाऱ्या लेखकाने का फुकट द्यावी? कागदवाला, छापखाना, डीटीपी, टपाल, सगळ्यांची बिलं चुकती होतात. लेखकाला मात्र अंकाची एक प्रत आणि आभाराचं पत्र. कव्हर आर्टपेपरऐवजी साध्या जाड कागदावर छापलं आणि प्रकाशन समारंभातले हारतुरे वगळले, तर प्रत्येक कथाकाराला आणि कवीला निदान काहीतरी रक्कम हातात देता येईल. ताईंनी हिशोब करून आणला आहे. कविमित्राचा कव्हरसाठी आग्रह आहे, कारण स्टॉलवर अंक कव्हरवरच उचलला जातो, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. सरांनी अजून मत दिलेलं नाही. पुढची बैठक येत्या रविवारी आहे, आणि तोवर परत जाणाऱ्या कथांची उरलेली पत्रं मला लिहून संपवायची आहेत.