मेलॅनोमा बरा झाला, तपासणी संपली नाही

 पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ हे रुग्णालय आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी तिथे देशभरातून लोक येतात. पण उपचार संपलेला तरुण फेरतपासणीला येईलच असे नाही, मग त्याचे घर जवळ का असेना. मेलॅनोमात ही गैरहजेरी जिवावर बेतू शकते.

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या त्वचेत त्याचे मोठे कारण ऊन. आपल्याकडे तो विरळा, आणि झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ले यांना १९७७ मध्ये तो पायाच्या नखाखाली आढळला. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. भातलावणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्या माणसाला तळव्यावरचा काळा डाग म्हणजे मोडलेला काटा किंवा कुरूप वाटते.

शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो. दुसऱ्या जागी नवा मेलॅनोमा होण्याची शक्यता मात्र जन्मभर राहते. म्हणून सुरुवातीला दर काही महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तरी डॉक्टरांनी डोक्यापासून तळव्यापर्यंत त्वचा पाहायची, काखेतल्या-जांघेतल्या गाठी चाचपायच्या. एक मिलिमीटरहून पातळ असताना सापडलेला मेलॅनोमा बहुधा शस्त्रक्रियेनेच बरा होतो.

तरुण हे टाळतात, ते बेफिकिरीने नव्हे. नव्या नोकरीत रजा मागायची तर आजार सांगावा लागतो. लग्न ठरताना घरचेच जुनी फाइल लपवतात. तपासणीसाठी कपडे उतरवण्याचा संकोच असतो. पुन्हा काही निघेल ही भीती तर सगळ्यात मोठी. शहर बदलले की डॉक्टरही सुटतो.

यावर वाट आहे. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी टाटा रुग्णालयाने १९९१ मध्येच उपचारोत्तर क्लिनिक सुरू केले. मेलॅनोमातून बऱ्या झालेल्या तरुणांनाही अशीच व्यवस्था हवी: घराजवळ तपासणी, सुट्टीच्या दिवशीची वेळ, तारीख चुकली तर रुग्णालयातून फोन.

तोवर महिन्यातून एकदा भरपूर उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहा. वाढणारा डाग, रुंदावणारी काळी रेघ किंवा न भरणारी जखम दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.