‘आता तू सांग बघू’ म्हणण्याआधी

घरीच शिकणाऱ्या लहान मुलांच्या आईबाबांकडून एक काळजी हमखास ऐकू येते. गोष्ट वाचताना पोर कान टवकारून ऐकतं, वाघ आला की आईला येऊन चिकटतं. मात्र पुस्तक मिटून ‘आता तू सांग बघू’ म्हटलं की गप्प. फार तर ‘मला नाही येत’ म्हणून उठून जातं. मग रात्री पालकांच्या ग्रुपवर प्रश्न पडतो : याला ऐकलेलं कळतच नाही का? शाळेत घातलं असतं तर असं झालं असतं का?

ऐकलेली गोष्ट मुलाने आपल्या शब्दांत परत सांगायची, याला होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत ‘नॅरेशन’ म्हणतात. ही पद्धत मुख्यतः शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या लिखाणातून आपल्याकडे आली. त्यांचं ‘होम एज्युकेशन’ १८८६ मध्ये निघालं. पद्धत चांगलीच आहे; पण हातोहात पसरताना ‘वाचा आणि वदवून घ्या’ एवढंच पुढे आलं. मेसनबाईंनी घातलेल्या अटी मागे राहिल्या आणि त्यांच्या जागी बरेच गैरसमज रुजले.

‘परत सांगता येत नाही, म्हणजे कळलेलं नाही’

हा सगळ्यांत मोठा आणि मुलांना सगळ्यांत जास्त त्रास देणारा गैरसमज. समजणं आणि सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. सांगायचं तर मुलाला प्रसंग आठवावे लागतात, ते क्रमाने लावावे लागतात, शब्द शोधावे लागतात आणि समोरच्याला काय माहीत आहे याचा अंदाजही ठेवावा लागतो. हे सगळं एकाच वेळी. पाच वर्षांच्या मुलाचं यातलं एखादं जरी अडलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही.

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या. ती ऐकून साडेचार वर्षांचं मूल साधारण असं सांगतं : “म्हातारी भोपळ्यात बसली. वाघ आला. मग ती लेकीकडे गेली आणि खूप खूप जेवली.” ऐकणाऱ्या आईला वाटतं, सगळा गोंधळ आहे. आता याच मुलाला एक वाटी, एक छोटी बाहुली आणि रबरी वाघ द्या. जाताना वाघ भेटला की मूल बाहुलीच्या तोंडून वाघाला थोपवतं, बाहुलीला लेकीच्या घरी नेऊन पोटभर खायला घालतं, परतताना तिला वाटीखाली दडवतं आणि वाघाला वाटीभोवती घुटमळत ठेवतं. वाघाने पहिल्याच भेटीत म्हातारीला का खाल्लं नाही, ही या गोष्टीची खरी किल्ली आहे : म्हातारी हडकुळी आहे, धष्टपुष्ट होऊन येते असा शब्द तिने दिला आहे आणि वाघाला तो पटला आहे. ही मेख मुलाच्या हातांनी दाखवली, म्हणजे त्याला गोष्ट कळली. मांडणी अजून जमत नाही, इतकंच.

या मांडणीचंही वय असतं. कॅरोल पीटरसन आणि अ‍ॅलिसा मॅककेब या दोघींनी अमेरिकेतल्या मुलांनी सांगितलेल्या शेकडो आठवणी तपासून १९८३ मध्ये पुस्तक लिहिलं. चारच्या आसपासची मुलं या प्रसंगावरून त्या प्रसंगावर उड्या मारत सांगतात, मधले दुवे गाळतात. पाचच्या आसपास क्रम जमतो, पण गोष्ट ऐन रंगात असताना एकदम थांबते. सहाच्या सुमारास सुरुवात, पेच आणि शेवट असा आकार दिसू लागतो. त्या आठवणी मुलांच्या स्वतःच्या होत्या, ऐकलेल्या गोष्टी नव्हत्या. तरी उलटसुलट सांगणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची चिंता वाहायचं कारण नाही, हे त्यावरून कळतं.

आणखी एक. प्रसंग जितका इतर प्रसंगांच्या कारणांशी बांधलेला, तितका तो लक्षात राहतो. टॉम ट्रबासो आणि पॉल व्हान डेन ब्रूक यांनी १९८५ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणून पहिल्या पुनर्कथनासाठी वर्णनं आणि संवाद यांनी भरलेलं पुस्तक नको. ‘म्हणून’ आणि ‘पण’ यांनी घट्ट विणलेली लोककथा घ्यावी. या बाबतीत आपल्याकडे कमतरता कसलीच नाही.

‘लवकर सवय लावली तर पुढे जड जात नाही’

खुद्द मेसनबाईंचं म्हणणं उलटं होतं. सहा वर्षांच्या आत मुलाकडून मागून कथन करवून घेऊ नये. त्याने आपणहून सांगितलं तर आनंदाने ऐकावं. सहानंतरही एका वेळी एक प्रसंग पूर्ण होईल एवढीच दोन-तीन पानं, एकदाच वाचलेली. वाचण्याआधी मागच्या वेळी काय झालं होतं याची थोडी उजळणी आणि पुढे काय येणार याची उत्सुकता लावणारे दोन शब्द. स्पष्टीकरण नको.

घाईमागे बहुतेकदा परीक्षेची भीती असते. घरी शिकणारी बरीच मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी देतात. त्या परीक्षेला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पाचव्या वर्षी मुलाच्या हातात नऊ वर्षं आहेत.

‘प्रश्न विचारल्याशिवाय कळलं की नाही हे समजणार कसं?’

आपण सगळे ‘कोण कोणास म्हणाले?’ आणि ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ यांवर वाढलो. त्यामुळे गोष्ट संपली की जिभेवर प्रश्न आपोआप येतात : म्हातारी कुठे निघाली होती? वाटेत कोण कोण भेटलं? तात्पर्य काय? यात अडचण अशी की प्रश्न विचारणाऱ्याने गोष्टीचे तुकडे आधीच पाडलेले असतात. काय महत्त्वाचं, कशानंतर काय, हे ठरवण्याचं काम, म्हणजे ज्यातून आकलन पक्कं होतं तेच काम, मोठ्यांनी करून टाकलेलं असतं. मुलाने फक्त रिकाम्या जागा भरायच्या.

आठवून सांगण्याचा फायदा प्रयोगातही दिसला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. हे विद्यार्थी मोठे होते, त्यामुळे आकडे पाच वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावू नयेत. पण मोकळं आठवणं हेच शिकणं असतं, हा मुद्दा मला पटतो.

मग प्रश्न विचारूच नयेत का? चित्रांचं पुस्तक बरोबर बसून बघताना जरूर विचारावेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं : ‘हो-नाही’त संपणार नाहीत असे प्रश्न विचारा आणि मूल जे बोलेल ते थोडं वाढवून त्याला परत द्या. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेली. “भूभू!” म्हटलं की “हो, ओला भूभू अंग झाडतोय,” असं म्हणायचं. यातल्या प्रश्नांनी गप्पा वाढतात. गोष्ट संपल्यावरच्या प्रश्नांनी बहुधा तोंडी परीक्षा सुरू होते.

मूल सांगत असताना मात्र मध्ये काहीच नको. ‘अरे, आधी कोल्हा आला ना?’ हेसुद्धा नको. मेसनबाईंचा हा नियम कडक होता आणि तो योग्यच आहे. चूक राहिली तर राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी उजळणीच्या निमित्ताने कोल्हा आपण होऊन येतो.

इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. आईनेच वाचलेली गोष्ट आईलाच परत सांगायला मुलाकडे कारण नसतं. तिला ती माहीत आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याने गोष्ट ऐकलेली नाही असा माणूस द्या. संध्याकाळी घरी आलेला बाबा, व्हिडिओ कॉलवरची साताऱ्याची आजी, शेजारची ताई. “आजी, आज आम्ही वाघाची गोष्ट वाचली,” एवढी सुरुवात आईने करून द्यावी आणि स्वयंपाकघरात जावं. आजी खरोखरच विचारते, “मग वाघाने सोडलं कसं तिला?” हा प्रश्न तपासण्यासाठी नसतो, जाणून घेण्यासाठी असतो. मुलाला हा फरक लगेच कळतो.

‘एका जागी बसत नाही, म्हणजे लक्ष नाही’

आर्थर ग्लेनबर्ग यांनी २००४ मध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांवर केलेला प्रयोग याबद्दल बोलका आहे. शेतघराचे छोटे उतारे वाचताना मुलांनी समोरची खेळणी वाक्यांप्रमाणे हलवली, तेव्हा त्यांना मजकूर जास्त समजला आणि जास्त आठवला. त्या मुलांनी स्वतः वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. तरी वाटी-बाहुलीची युक्ती कशामुळे लागू पडते ते यातून कळतं. हातातली वस्तू गोष्टीतलीच असावी, ही अट महत्त्वाची. मोबाईलवरचं कार्टून ही अट पुरी करत नाही. तिथे चित्रच सगळं सांगून टाकतं, शब्दांवरून चित्र उभं करण्याचा व्यायाम होत नाही.

‘तीच ती गोष्ट किती वेळा वाचायची!’

मागेल तितक्या वेळा. जेसिका हॉर्स्ट यांच्या २०११ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द सारख्याच वेळा ऐकवले होते. काहींना त्याच गोष्टींतून, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द पक्के झाले ते त्याच गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्यांचे. मेसनबाईंचं ‘एकदाच वाचा’ हे मोठ्या मुलांच्या धड्यापुरतं आहे, झोपतानाच्या गोष्टीला ते लावू नये.

‘मराठी अवघड पडतं, म्हणून मी सोपं करून वाचते’

फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने मोळी, जातं, ओसरी, परस पाहिलेलं नसतं. अडखळायला होतं ते भाषेमुळे कमी, त्या जगाची ओळख नसल्यामुळे जास्त. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा उतारा चांगला सांगू शकली. म्हणून वाक्यं सोपी करण्यापेक्षा आधी वस्तूची ओळख करून द्यावी. गावच्या घरी जातं फिरवून पाहिलेलं मूल जात्याची गोष्ट मूळ शब्दांत ऐकतं. जिथे ते शक्य नाही तिथे एक फोटो आणि अर्ध्या मिनिटाचं बोलणं पुरतं.

न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी घरांत वेगळा पेच असतो : मुलाला मराठी ऐकून समजतं, पण ते उत्तर इंग्रजीत देतं. समज नेहमीच बोलण्याच्या पुढे असते. गोष्ट मराठीतून ऐकवावी आणि मूल ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत सांगू द्यावं. एकाच सवयीत दोन आग्रह धरले की मूल गप्प बसतं.

‘आता स्वतः वाचता येतं, वाचून कशाला दाखवायचं?’

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं हे अक्षरं उलगडणं आणि ऐकून समजणं या दोहोंच्या गुणाकारासारखं असतं. एक शून्य, तर उत्तर शून्य. अक्षरं जुळवायला लागलेल्या सात वर्षांच्या मुलाची ऐकण्याची कुवत त्याच्या वाचनापेक्षा कितीतरी पुढे असते. साधारण सातवी-आठवीपर्यंत वाचन ऐकण्याला गाठत नाही. तोवर वाचून दाखवणं थांबवणं म्हणजे मुलाला त्याच्या समजेपेक्षा लहान पुस्तकांवर ठेवणं.

‘उशिरा बोलणारी मुलं असतात, होईल हळूहळू’

बाकी सगळीकडे मी धीर धरायला सांगते, इथे नाही. शाळेत निदान एखाद्या बाईंच्या लक्षात येतं. घरी शिकणाऱ्या मुलाकडे तुलनेने बघणारं दुसरं कुणी नसतं. लहान मुलांत सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही आठवडे ऐकू कमी येणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि कान दुखत नसल्याने ती कळतही नाही. टीव्हीचा आवाज वाढवणं, पाठमोरं असताना हाकेला ओ न देणं, सारखं ‘आं?’ करणं, अशी लक्षणं दिसली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. चार वर्षांच्या मुलाची श्रवणचाचणी खेळ खेळवत करता येते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा आणि श्रवण दोन्हींची तपासणी होते.

कान ठीक असूनही भाषा मागे पडू शकते. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चार-पाच वर्षांच्या सुमारे साडेसात टक्के मुलांत दुसरं कोणतंही कारण नसताना भाषेची लक्षणीय अडचण आढळली. ‘चपला काढ आणि पिशवी टेबलावर ठेव’ एवढी दुपदरी सूचना पाच वर्षांच्या मुलाला एरवीही समजत नसेल, खेळण्यांनिशीसुद्धा गोष्ट मांडता येत नसेल, तर वाचा-भाषा तज्ज्ञाला दाखवावं. तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी असा आग्रह धरावा. मराठी घरातल्या मुलाची इंग्रजीतून चाचणी घेतली, तर तिच्यातून मुलाच्या समजेबद्दल फारसं काही कळत नाही.