बंड्याची शेवटची खोडी

आमच्या घरी पाहुणे आले की पाणी द्यायच्या आधी एक सूचना दिली जायची, 'चपला आत घ्या.' कारण बाहेर बंड्या असायचा. तो चपला चावायचा नाही हां, फक्त पळवायचा. तेही जोडीतली एकच. एकदा ताईला बघायला मंडळी आली होती. कांदेपोहे झाले, गप्पा झाल्या आणि निघताना मुलाच्या काकांचा डावा बूट गायब! सगळं घर बॅटऱ्या घेऊन परसात. बूट सापडला अळूच्या वाफ्यात, अर्धा मातीत पुरलेला. काका इतके हसले, इतके हसले की लग्न तिथेच ठरलं, असं आई आजही सांगते.

बंड्या म्हणजे आमचा अस्सल गावठी कुत्रा. २०१३चा जुलै, मी पाचवीत. कराडच्या आमच्या घराच्या पायरीवर एक पिल्लू कुडकुडत बसलं होतं. मी त्याला रेनकोटात गुंडाळून आत आणलं. 'पाऊस थांबेपर्यंतच,' पप्पांनी बजावलं. पुढे साडेअकरा वर्षं पाऊस थांबलाय का हे बघायला कुणी दार उघडलं नाही.

त्याच्या खोड्यांचं टाइमटेबल ठरलेलं होतं. सकाळी पेपरवाला अंगणात पेपर टाकायचा. त्यातून पुरवणी सुटून बाहेर पडली की ती बंड्याची. पप्पांना मुख्य अंक मिळायचा, मला पुरवणीच्या चिंध्या. दुपारी आज्जी भाकऱ्या करायला बसली की हा चुलीपाशी हजर. उरलेल्या पिठाची छोटी चानकी त्याच्या हक्काची. उशीर झाला तर आज्जीच्या पदराचं टोक ओढणार. गणपतीत एकदा त्याने नैवेद्याच्या ताटातले दोन मोदक पळवले. आम्ही सगळे गार. आज्जी मात्र शांत, 'बाप्पाच्या उंदराला चालतं, मग ह्येनंच काय घोडं मारलंय?'

बारावीनंतर मी मास कॉमसाठी पुण्याला आले. हॉस्टेलवरून व्हिडिओ कॉल केला की बंड्या माझा आवाज ऐकून मोबाइल चाटायचा आणि कॉल कट व्हायचा. आमच्या निम्म्या कॉल्सचा शेवट असाच.

आता खरं सांगते, कारण ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलेय.

२०२४च्या दिवाळीत मी घरी गेले, तर बंड्याने नवीन खोडी काढली होती. स्वतःचं भांडं रिकामं करून तो बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायचा आणि घटाघट पाणी प्यायचा. मी त्याचं रील केलं. कॅप्शन दिलं, 'आमच्या घरचा बेवडा'. भरपूर लाइक्स आले. त्याच आठवड्यात त्याने दोनदा घरात शू केली. जन्मात कधी न केलेली गोष्ट. दुसऱ्यांदा तर माझ्या दिवाळीच्या नव्या ड्रेसवर. 'म्हातारचळ लागलाय ह्याला,' म्हणत मी त्याला रात्रभर बाहेर व्हरांड्यात बांधून ठेवलं. बराच वेळ तो कुईकुई करत होता. मी कानात हेडफोन घातले.

जानेवारीत त्याने चानकी खायची सोडली. पप्पा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं, क्रिएटिनिन प्रचंड वाढलेलं. किडन्या निकामी होत आल्या होत्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'मागचे काही महिने हा पाणी जास्त पीत होता का? घरात शू करत होता?'

पप्पांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी कँटीनमध्ये होते. हातातला वडापाव तसाच राहिला. किडनीचं काम मंदावलं की लघवी दाट होत नाही, शरीरातलं पाणी वाहून जातं, म्हणून कुत्रा सतत पाणी पितो आणि त्याला शू धरवत नाही. म्हणजे ज्याच्यावर मी रील केलं आणि ज्याची शिक्षा दिली, ती खोडी नव्हतीच. तो आजारी होता आणि त्याला येत होतं त्या एकमेव भाषेत सांगत होता. अकरा वर्षं त्याची प्रत्येक खोडी मला कळली. शेवटची तेवढी कळली नाही.

स्वारगेटवरून मिळेल ती एसटी पकडून घरी गेले. बंड्याला उठता येत नव्हतं. शेपटी फक्त जमिनीवर दोनदा आपटली. मी पायातली एक चप्पल काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती पळवली नाही, तिच्यावर हनुवटी टेकवली. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. परसात, अळूच्या वाफ्याशेजारी पप्पांनी खोल खड्डा खणला, मीठ घातलं. आज्जीने चानकी ठेवली आणि म्हणाली, 'धर्मराजानं कुत्र्यापायी सोर्गाचं दार नाकारलं हुतं. रडू दे पोरीला.'

तिकडे हॉस्टेलवर मात्र सुट्टीच्या फॉर्ममध्ये 'मृत व्यक्तीशी नातं' असा रकाना होता. मी तो कोराच ठेवला. काय लिहिणार? एक मैत्रीण म्हणाली, 'अगं, कुत्रा तर होता. दुसरा आण.' ती वाईट नाही, तिला खरंच कळलं नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९मध्ये अशा दुःखाला नाव दिलं, 'डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ'. म्हणजे ज्या दुःखाला समाज दुःखच मानत नाही, ते. ना सुतक, ना कुणी भेटायला येणार. वर्गात प्रेझेंटेशन द्यायचं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं. तुमच्यापैकी ज्यांनी असा नळ सोडलाय, त्यांना एवढंच सांगते, तुम्ही वेडे नाही आहात.

ते रील मी डिलीट करणार होते. मग नाही केलं. कॅप्शन बदललं. 'हा बेवडा नव्हता, आजारी होता. तुमचा कुत्रा अचानक जास्त पाणी प्यायला लागला, घरात शू करायला लागला, वजन उतरलं, तर ओरडू नका, डॉक्टरांकडे न्या. किडनीचा बराच भाग निकामी झाल्यावरच लक्षणं दिसतात. म्हणून सात-आठ वर्षांच्या पुढे वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्या.' या वेळी लाइक्स कमी आले. पण वर्गातल्या एकाने त्याच्या नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरची तपासणी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल. त्या रात्री मेसचं जेवणही मला गोड लागलं.

आवाज न करता बांधून राहिलेल्या त्या रात्रीची माफी मागायला आता कुणी नाही. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, 'तो सकाळी सुटल्या सुटल्या तुझ्याच अंथरुणात शिरला होता. तू झोपली होतीस.'

आज सकाळी आमच्या अंगणात पेपर पडला असेल. ही पुरवणी नेहमीसारखी त्यातून सुटून बाहेर आली असेल. पप्पांनी ती उचलली असेल, अख्खीच्या अख्खी. इतकी वर्षं मला ती फाटलेलीच मिळाली. आज माझं नाव तिच्यात छापून आलंय आणि एकाही कोपऱ्यावर दाताची खूण नाही.