खुरासनी ओव्याचा डॉक्टर

दाढेवर हात धरून कुणी आत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरी काय काय केलं?" नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात दाताच्या डॉक्टरकडे थेट कुणी येत नाही. आधी लवंग होते, मग तंबाखूची चिमूट, मग मेडिकलवाल्याने दिलेली गोळी. मी नवा दवाखाना टाकला तेव्हा यात आणखी एक पायरी असायची, ती म्हणजे रिंगणीची धुरी.

रिंगणी बांधावर सगळ्यांनी पाहिलेली असते. जमिनीला चिकटून पसरते, अंगभर काटे, जांभळी फुलं, पिवळी गोटीएवढी फळं. तिच्या वाळल्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, धूर नळीने दाढेकडे घ्यायचा, तोंडाला सुटलेली लाळ पाण्याच्या वाटीत पडू द्यायची. मग वाटीत पांढरे बारीक धागे तरंगताना दिसतात. तीच 'दाताची कीड'.

आंबेगावच्या वरच्या अंगाची एक आजी असे किडे कागदाच्या पुडीत बांधून मला दाखवायला घेऊन आली होती. मी तेव्हा तिशीतला, डिग्रीची शाई ओली. फाडकन बोललो, "आजी, हे किडे नाहीत, बियांतले कोंब आहेत. फसवलं तुम्हाला." आजी शांतपणे म्हणाली, "आसंल बाबा. पन चार दिस दुखलं न्हाई, ते कसं?"

खरं उत्तर असं होतं की दाढेची नस मेली की दुखणं आपोआप थांबतं, पू मात्र मुळाशी साठत राहतो. ते मी सांगितलंही, पण आधी ओरडून झालं होतं. आजी परत आली नाही. ते अजून सलतं.

पुढे त्या धुरीचा माग काढत गेलो तेव्हा कळलं की हा उद्योग नुसता आपल्याकडचा नाही. युरोपातही दातांच्या किड्यांसाठी बियांची धुरी द्यायचे, फक्त बिया वेगळ्या, खुरासनी ओव्याच्या. इंग्लंडच्या जॉन जेरार्डने 1597 सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथात ही भोंदूगिरी उघडी पाडली होती. पॅरिसच्या पिअर फोशारने, ज्याला आम्ही दंतवैद्यकाचा बाप मानतो, 1728 साली दातातल्या किड्याची समजूत खोडून काढली. आणि मी नारायणगावात तेच सांगून एका म्हातारीला दुखावत होतो!

खुरासनी ओव्याचा ओव्याशी नावापलीकडे संबंध नाही. ओवा हा कोथिंबिरीच्या घराण्यातला. खुरासनी ओवा वांगी-मिरचीच्या घराण्यातला, म्हणजे रिंगणीचा भाऊबंद, आणि नारायणगावच्या टोमॅटोचा, सातगाव पठारावरच्या बटाट्याचाही. याच्या अर्कात हायोसायमिन असतं. ते लाळ आटवतं, पोटातली कळ थांबवतं, जास्त झालं तर माणूस बरळायला लागतो. एकोणिसाव्या शतकात हा अर्क हरएक दवाखान्यात लागे आणि तो विलायतेहून बोटीने येई.

आणि मग एके ठिकाणी वाचलं की तोच खुरासनी ओवा आमच्या जुन्नर तालुक्यातल्या हिवऱ्याला, सरकारी बागेत, इस्पितळांच्या औषधासाठी लावला जात होता. लावणारा होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला आहे.

गिब्सन 1800 साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. एडिंबरोला वैद्यकी शिकला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सर्जन म्हणून आला. इथे मराठी, गुजराती, हिंदुस्तानी शिकला. त्याच्या वाट्याला आलेलं काम मोठ्या शहरातल्या इस्पितळाचं नव्हतं. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचत हिंडायचं होतं.

हे हिंडणं म्हणजे काय, ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. तेव्हा लस बर्फाच्या डब्यातून येत नसे. ती पोराच्या दंडावरून येई. एका पोराला टोचायचं, आठवडाभराने फोड भरला की त्यातला द्रव घेऊन पुढच्या पोराला. साखळी तुटली की लस संपली. म्हणजे टोचणाऱ्याला गावात एकदा जाऊन भागत नसे, आठव्या दिवशी परत जावंच लागे, आणि आपल्या लेकराचा दंड दुसऱ्यासाठी द्यायला आईबापांना राजीही करावं लागे. हिंदुस्थानात पहिली लस मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढची सगळी साखळी अशीच दंडादंडातून गेली.

मी स्वतः रविवारी डोंगरात जातो. नाणेघाट, हडसर, आहुपे, पाय नेतील तिकडे. त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. एकाच वाटेने आठ दिवसांनी परत गेलं की माणसाला वेगळं दिसतं. कुठला झरा आटला, कुठलं झाड पडलं, कुठल्या पाणवठ्यावरच्या बाया आता लांब जातात. पहिल्या फेरीत हे कळत नाही. गिब्सनला झाडापाण्याची नजर कुठून आली, याचं माझं उत्तर तेच आहे. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण माझा अंदाज पक्का आहे.

1838 साली त्याला दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख केलं. हो, तेच दापोडी, जिथे आज एसटीचं वर्कशॉप आहे. दापोडी आणि हिवरे या दोन्ही बागा त्याच्या हाताखाली. तिथे त्याने खुरासनी ओव्याबरोबर सोनामुखीसारखी औषधं लावली, परदेशी रोपं रुजवून पाहिली. आणि 1847 च्या सुमारास एका चित्रकाराला बसवून बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक रंगीत चित्रं काढून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. हेन्री नॉल्टी यांनी 2002 साली त्यांवर पुस्तक केलं. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा इथलाच कुणी होता. त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. गिब्सनवर माझा पहिला राग हा.

त्याच 1847 साली तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. डेहराडूनची वनशाळा सोडाच, अख्ख्या देशाच्या वनखात्याचा पहिला प्रमुख ब्रँडिस नेमला गेला 1864 साली. त्याच्या सतरा वर्षं आधी इथे एक डॉक्टर जंगल मोजत फिरत होता. मद्रासकडे हेच काम 1856 साली सुरू करणारा क्लेगहॉर्नही डॉक्टरच. गोदीला सागवान हवं होतं, 1853 नंतर रेल्वेला स्लीपर हवे झाले, भट्ट्यांना कोळसा तर हवाच होता. गिब्सन सरकारला सांगत राहिला की घाट उघडा पडतोय, झाडं गेली की झरे जातील, माती वाहून कोकणातल्या खाड्या भरतील. रोग्याला 'आधी तंबाखू सोडा' म्हणून सांगावं आणि रोग्याने हो म्हणून पुडी फोडावी, तसं बरंचसं झालं असणार. त्यातलं दुःख मला फार जवळून माहीत आहे.

आता दुसरा राग. डोंगरउतारावर झाडोरा जाळून नाचणी-वरई पेरायची रीत सह्याद्रीत जुनी. कानडी मुलखात तिला कुमरी म्हणतात, आपल्याकडे दळी. गिब्सन तिच्या विरोधात होता. गोदीसाठी आणि भट्टीसाठी पडणारी झाडं त्याला दिसली, हे खरं. पण कोयता घेऊन उभा असलेला आदिवासी आणि ठेकेदाराची कुऱ्हाड यांत त्याने हवा तेवढा फरक केला नाही. पुढे 1878 च्या कायद्याने जंगल राखीव केलं, आणि ज्यांची पोटं त्यावर होती ते आपल्याच रानात चोर ठरले. आज आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला महादेव कोळ्यांच्या घरापुढे बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. आहुप्याची देवराई गावानेच राखली, कुठल्या साहेबाने नव्हे. सरकारने भीमाशंकरला अभयारण्य केलं ते 1985 साली. झाडाची नाडी गिब्सनला सापडली होती, झाडाखालच्या माणसाची अर्धीच.

तरी मी त्याला मानतो. 1860 ला नोकरी संपवली, पुढच्याच वर्षी डॅल्झेल याच्याबरोबर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ छापून काढला आणि 1867 साली गेला. लस टोचायला आलेला माणूस जाताना मागे झाडांची वही ठेवून गेला.

पावसाळ्यात घाटमाथ्याच्या गवतात एक पांढऱ्या फुलांचं ऑर्किड येतं, हॅबेनारिया गिब्सनी. नाव त्याचंच. गेल्या श्रावणात एका पोराने मला मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला. पोरगा कोण, तर त्या आजीच्या गावचा, अक्कलदाढेसाठी आलेला. खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "डॉक्टर, हे फूल कंचं?" मी सांगितलं. घरी काय काय केलं, हेही विचारलं. लवंग झाली होती, गोळी झाली होती. धुरी नव्हती.

फूल दिसलं तर फोटो काढा, कंद उपटू नका, घरच्या कुंडीत तो जगत नाही. आणि रविवारी माझा दवाखाना बंद असतो. दाढ ठणकत असेल तर शनिवारीच या.